गिझर पेटतोय म्हणजे ठीक आहे, असं थोडंच!

तुमच्या रूमवरचा गॅस गिझर बिघडलाय, हे तुम्हाला कधी कळतं? सकाळी साडेसहाला नळ सोडता, टिक-टिक आवाज येत नाही आणि पाणी गारच येतं, तेव्हा. मग रूमच्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'गिझर गेला'. घरमालक काकांना फोन जातो. कोणीतरी मेकॅनिकचा नंबर पाठवतो. मेकॅनिक दादा येतात, सेल बदलतात, काहीतरी खोलतात, जोडतात. ज्योत पेटते. 'झालं!' म्हणून सगळे कॉलेजला पळतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण चुकीच्या गिझरची तक्रार करतोय. जो पेटत नाही, तो फार तर तुम्हाला गार पाण्याने आंघोळ घालेल. जीव घेतो तो पेटणारा गिझर. एका झटक्यात, रोज, बिनतक्रार पेटणारा. पण बंद बाथरूममध्ये टांगलेला आणि कित्येक वर्षांत कोणी उघडून न बघितलेला. त्याची तक्रार कोणीच करत नाही, कारण पाणी तर मस्त गरम येतंय!

हा विषय आपल्या जिल्ह्यात, आणि तोही कॉलेजच्या मुलामुलींसाठी का? बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं. बाकी विदर्भ उन्हासाठी प्रसिद्ध असला तरी इथली डिसेंबर-जानेवारीची सकाळ काय असते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. शेगाव, चिखली, मलकापूरला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. खामगाव, बुलढाण्याला शिकायला आणि क्लासला येणारी पोरं-पोरी खेड्यापाड्यांतून येतात आणि रूम करून राहतात. चार-पाच जणांत एक बाथरूम, सकाळी रांग. अशा ठिकाणी गॅस गिझर सोयीचाच. लाइट गेली तरी चालतो, टाकी तापायची वाट बघावी लागत नाही, घरमालकाच्या मीटरवर लोड येत नाही. म्हणून तो लागतो. आणि लागतो कुठे? जिथे नळ आहे तिथेच. चार बाय पाचच्या बाथरूममध्ये, दाराच्या मागे.

आत नक्की काय चालतं?

आधी मशीन समजून घेऊ. त्यात फार मोठी इंजिनिअरिंग नाही. तुम्ही नळ सोडला की गार पाणी गिझरमध्ये शिरतं. त्या पाण्याच्या दाबाने आतला रबराचा पडदा सरकतो आणि एक छोटा स्विच दाबला जातो. स्विच दाबला की खालच्या डबीतल्या दोन मोठ्या सेलवर ठिणगी उडायला लागते. तीच ती टिक-टिक. त्याच वेळी गॅसचा वॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो. ज्योतीजवळ एक बारीक दांडी असते, ती सेन्सर. ज्योत दिसली नाही, तर काही सेकंदांत गॅस बंद करणं हे तिच्यामुळे होतं. ज्योतीच्या वर तांब्याची कॉइल, तिच्यातून पाणी फिरतं आणि गरम होऊन बाहेर येतं. नळ बंद केला की दाब गेला, स्विच सुटला, ज्योत विझली.

एवढं कळलं की निम्मे बिघाड तुम्ही स्वतः ओळखू शकता.

पेटतच नाही? आधी हे बघा

टिक-टिकच येत नसेल, तर पहिला संशय सेलवर. दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा असं नको. सेलच्या डबीतल्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर आला असेल, तर तो कोरड्या कापडाने किंवा बारीक पॉलिश पेपरने पुसून काढा. बाथरूमच्या ओलीत हा थर हमखास येतो.

सेल चांगले आहेत, तरी आवाज नाही? मग पाण्याचा दाब बघा. टाकी गच्चीवरच पण नळापेक्षा जेमतेम उंच असेल, किंवा टाकीत पाणी तळाला गेलं असेल, तर आतला पडदा सरकतच नाही. गार पाणी जिथून गिझरमध्ये शिरतं, तिथे एक छोटी जाळी असते. तिच्यात वाळू आणि गाळ अडकतो. पाण्याचा कॉक बंद करून ती जाळी काढायची, जुन्या टूथब्रशने धुवायची, परत बसवायची. पाच मिनिटांचं काम आहे.

टिक-टिक येते, पण ज्योत धरत नाही? सिलिंडर संपलंय का, रेग्युलेटर चालू आहे का, हे बघा. नुकतंच सिलिंडर बदललं असेल तर नळीत हवा असते, एक-दोनदा नळ चालू-बंद केल्यावर पेटतं. पण गॅसचा वास यायला लागला, की प्रयत्न तिथेच थांबवा. रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडा, लाइटचं बटण चालू-बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचून राहतो. वास थांबत नसेल तर १९०६ हा गॅसगळतीसाठीचा देशभराचा इमर्जन्सी नंबर आहे. आत्ता, हे वाचतानाच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

पाणी पूर्वीसारखं तापत नाही? आपल्या भागात याचं कारण बहुतेक वेळा पाणीच असतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेकाठचा खारपाण पट्टा. तिथल्या पाण्यातले क्षार काय करतात, हे तिथल्या माणसाने वेगळं शिकायला नको. इतर ठिकाणीही बोअरचं पाणी जड. बादलीवर, नळाच्या तोंडावर जो पांढरा थर दिसतो, तोच तांब्याच्या कॉइलच्या आत बसतो. मेकॅनिक कॉइल काढून सौम्य ॲसिडने धुतो, थर निघतो. हे घरी करत बसू नका.

पेटतो आणि विझतो, तेव्हा जुगाड नको

आता खरा मुद्दा. गिझर पेटतो आणि मध्येच विझतो, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. कधी सेल उतरलेले असतात, कधी सेन्सरच्या दांडीवर काजळी असते. पण बऱ्याच गिझरमध्ये एक टायमर असतो. सलग वीसेक मिनिटं चालल्यावर तो स्वतःहून ज्योत बंद करतो. काही मॉडेलमध्ये हवेतला ऑक्सिजन कमी झाला की बंद पडायची सोय असते. म्हणजे तुम्हाला जो 'बिघाड' वाटतो, तो गिझर तुम्हाला 'बाहेर ये' म्हणत असतो.

आणि आपण काय करतो? 'दादा, हा मध्येच बंद पडतो, काहीतरी करा ना!' एखादा घाईतला मेकॅनिक सेन्सरची वायर थेट जोडून देतो. गिझर आता विझत नाही. सगळे खूश. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. गाडीचे ब्रेक आवाज करतात म्हणून ब्रेकच काढून टाकले, तर त्याला आपण सर्व्हिसिंग म्हणू का?

तीन खुणा दिसल्या तर गिझर त्याच क्षणी बंद करा, मग पाणी कितीही गरम येत असो. पहिली, ज्योत निळी न राहता पिवळी-लाल आणि लांबट झाली. दुसरी, वरच्या बाजूला काळी काजळी दिसते. तिसरी, पेटताना 'भप्प' असा मोठा आवाज होतो. पहिल्या दोन खुणांचा अर्थ, गॅस नीट जळत नाही. तिसरीचा अर्थ, ज्योत धरेपर्यंत गॅस आत साचतोय.

हिशेब करून बघा

गॅस नीट का जळत नाही? कधी बर्नरमध्ये धूळ, जाळं असतं. पण कितीतरी वेळा मशीन ठणठणीत असतं आणि हवाच संपलेली असते. यावर विश्वास बसत नसेल तर साधं गणित करू.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम फुल ठेवल्यासारखं. पंधरा मिनिटांच्या आंघोळीला झाले साधारण दोनशे ग्रॅम. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. दोनशे ग्रॅमला अडीच घनमीटर, म्हणजे जवळपास ९० घनफूट.

आता तुमचं बाथरूम मोजा. चार बाय पाच, उंची आठ फूट. एकूण १६० घनफूट. म्हणजे दार-खिडकी बंद करून पंधरा मिनिटं आंघोळ केली, तर गिझर तुमच्या वाटची निम्म्याहून जास्त हवा वापरतो. आणि तेवढी हवा संपायची वाटही बघावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा कमी झाला, की ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. शरीरभर रक्त फिरत राहतं, पण ऑक्सिजन पोहोचत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, पाय लटपटतात. कळतं की काहीतरी होतंय, पण हात कडीपर्यंत पोहोचत नाही. भारतातल्या डॉक्टरांनी अशा पेशंटवर लिहिताना 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलं आहे. कोणी बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेलं सापडतं, कोणाला फिट येते, आणि वाचलेल्यांपैकी काहींना पुढे विसरभोळेपणासारखे त्रास होतात.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला आंघोळीला गेलेली पंधरा वर्षांची मुलगी बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये गेली. मार्च २०२३ मध्ये होळी खेळून आलेलं घाटकोपरचं एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गॅस गिझरवरच होता. ही मोठ्या शहरांतली, मोठ्या बातम्या झालेली उदाहरणं. लहान गावात अशी घटना दोन कॉलमांत संपते.

आमच्याही धंद्याचं थोडं चुकतं

पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट खटकते. अशा बातम्यांचं हेडिंग पुष्कळदा असतं, 'गिझरच्या गॅसगळतीने मृत्यू'. गळती म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात काय येतं? वास. 'आमच्याकडे तर कधी वास येत नाही, म्हणजे आम्ही सेफ.' एलपीजीला तो उग्र वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. पण कार्बन मोनॉक्साइड गळत नाही, तो जळण्यातून तयार होतो. एकाही जॉइंटला गळती नसताना, नवी नळी, नवा रेग्युलेटर असताना तो तयार होऊ शकतो. साबणाचं पाणी लावून सगळे जॉइंट तपासलेत, एक बुडबुडा आला नाही, तरी बंद बाथरूममधला गिझर धोक्याचाच. बातमीत हा एक शब्द बदलला, तर वाचणारा नळी हुंगत बसण्याऐवजी खिडकीकडे बघेल.

मग सर्व्हिसिंग म्हणजे काय?

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, थंडी सुरू व्हायच्या तोंडावर. मेकॅनिक आला की 'पेटवून द्या' एवढंच न म्हणता त्याच्याकडून ही कामं करून घ्या. बर्नर काढून साफ करणं. कॉइलच्या पात्यांवरची काजळी काढणं, कारण तिथे कोंडलं की जळलेला वायू वर जायला वाट राहत नाही. रबराचा पडदा कडक झालाय का, हे बघणं. सेन्सर पुसणं, आणि त्याची वायर आधी कोणी थेट जोडलेली नाही ना, हे तपासणं. सगळे जॉइंट साबणाच्या पाण्याने बघणं. नारंगी सुरक्षा नळीवर छापलेली तारीख वाचणं. ती नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तडे दिसले तर आधीच. शेवटी ज्योत तुमच्या डोळ्यांसमोर पेटवून बघा, निळी आणि स्थिर हवी.

पण यातलं सगळं केलं आणि गिझर परत त्याच बंद बाथरूममध्ये टांगला, तर सर्व्हिसिंग अर्धवटच राहिली. जागा हा गिझरचाच पार्ट आहे, असं मी मानते. गिझर बाहेर हवा. गॅलरीत, व्हरांड्यात, मोकळ्या भिंतीवर, पावसापासून आडोसा करून. गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्यायचा. सिलिंडर तर बाथरूममध्ये कधीच नको. 'एक्झॉस्ट फॅन लावलाय ना' हे उत्तर पुरेसं नाही. हवा बाहेर जाण्याइतकीच आत यायलाही वाट हवी, म्हणजे खाली जाळी किंवा झरोका आणि वर उघडी खिडकी. थंडीत नेमकी हीच खिडकी आपण पुठ्ठा लावून बंद करतो.

'काई होत नाई, चालते'

आता तुम्ही म्हणाल, रूम आपली नाही, गिझर आपला नाही, भिंतीला भोक पाडायचा अधिकारही आपला नाही. बरोबर. काकांना सांगितलं तर ते म्हणतात, 'पाच वर्षं झाली लावून, काई होत नाई, चालते.' आणि जास्त बोललं तर 'दुसरी रूम बघा'. माझ्या एका मैत्रिणीला हेच ऐकावं लागलं.

काकांचा युक्तिवाद अगदीच वेडेपणाचा नाही. पाच वर्षं खरंच काही झालेलं नसतं. पण त्या पाच वर्षांत कधी खिडकी उघडी होती, कधी आंघोळ पाच मिनिटांत उरकली होती, कधी लोक बादली भरून घेत होते. यंदा चार मुली एकामागोमाग आंघोळीला जातात, खिडकीला पुठ्ठा आहे, परीक्षेमुळे घाई आहे. पहिलीला काही होत नाही. चौथी आत जाते तेव्हा हवा आधीच वापरलेली असते.

म्हणून बोलावं लागेलच, पण एकट्याने बोलू नका. रूमवरचे सगळे मिळून जा, आईबाबांना फोनवर घ्या. आणि 'तुमचा गिझर खराब आहे' म्हणू नका, 'काका, हा बाहेर लावू या, पाइपचा खर्च आम्ही वाटून देतो' म्हणा. थोडा पाइप आणि प्लंबरची एका दिवसाची मजुरी, एवढंच काम आहे. चौघांत वाटलं तर डोईजड होत नाही.

नवीन रूम बघताना आपण वायफाय विचारतो, मेस किती लांब ते विचारतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा: गिझर कुठे लावलाय? दहा मुलांनी हा प्रश्न विचारला, की अकराव्याच्या आधी काका स्वतःच तो बाहेर काढतील. रूम भाड्याने जाणं त्यांनाही हवंच असतं.

कॉलेजांकडूनही एक अपेक्षा आहे. जिल्ह्यात आयटीआय आहेत, पॉलिटेक्निक आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. एनएसएसच्या कॅम्पमध्ये आपण रस्ते झाडतो, झाडं लावतो. एक रविवार परिसरातल्या रूमवर जाऊन फक्त बघायचं, गिझर कुठे आहे, ज्योत कोणत्या रंगाची आहे, नळीवर तारीख कोणती आहे. दुरुस्ती मेकॅनिकच करेल. पण कोणत्या रूमवर त्याला आधी पाठवायचं, हे त्या एका दिवसात कळेल.

तोपर्यंत, उद्या सकाळी

गिझर बाहेर जाईपर्यंत एवढं तरी करा. दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, दोन-चार मिनिटं हवा जाऊ द्या, मग आत जाऊन आंघोळ करा. शॉवर चालू ठेवून गिझरखाली उभं राहणं बंद. एकामागून एक आंघोळीला जाताना मध्ये दार सताड उघडं ठेवा. कोणी आत असेल तर दहा मिनिटांनी दार वाजवा, उत्तर आलं पाहिजे. चेष्टा झाली तरी चालेल.

आणि उत्तर आलं नाही तर विचार करत बसू नका. दार तोडा, श्वास रोखून आत जा, त्या व्यक्तीला ओढून मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. हॉस्पिटलमध्ये पहिलं वाक्य हेच सांगा, 'बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.' हे सांगणं फार महत्त्वाचं, कारण कोविडमध्ये घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही तो चांगलं दाखवू शकतो. आंघोळीनंतर रोज डोकं दुखत असेल, गरगरत असेल, तर 'उपाशीपोटी होतंय', 'ॲसिडिटी आहे' म्हणून सोडून देऊ नका. सुट्टीत गावी गेल्यावर, चुलीवर तापवलेल्या पाण्याने मोकळ्या न्हाणीत आंघोळ केल्यावर ते दुखणं जात असेल, तर कारण तुमच्या रूमवरच्या भिंतीला टांगलेलं आहे.

मी गॅस गिझरच्या विरोधात नाही. मोकळ्या हवेत लावलेला, वर्षातून एकदा साफ केलेला गिझर स्वस्त आणि चांगला आहे. इलेक्ट्रिकच्या रॉडने बादलीत पाणी तापवण्यापेक्षा मला तो बरा वाटतो. माझी तक्रार आपल्या 'झालं!' या शब्दाबद्दल आहे. पुढच्या वेळी मेकॅनिक दादांनी ज्योत पेटवून दाखवली, की लगेच पैसे देऊन मोकळे होऊ नका. आधी ज्योतीचा रंग बघा, मग खिडकीकडे बघा, आणि विचारा, 'दादा, हा बाहेर कुठे लावता येईल?'